श्वासाचा नंबर पहिला

रविवारी सकाळी मार्लिस त्वेतनने कॉफीचा मग घेऊन कंपनीच्या तक्रारी उघडल्या, तेव्हा ती तक्रार खालून दुसरी होती. खालून दुसरी! तिच्या वर एका बड्या इस्पितळाचा गरम झालेला चार्जर होता, आणि कुणाच्या तरी व्हेंटिलेटरच्या गाडीचं चाकसुद्धा होतं, ते म्हणे करकरत होतं.

मजकूर चार ओळींचा. ग्रेलिंग लेक गावचं छोटं इस्पितळ. वाहतुकीचा व्हेंटिलेटर चालता चालता आपोआप बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. सकाळपासून चार वेळा. रुग्ण नवजात. मधल्या वेळात नर्स हाताने श्वास देते. रुग्णाला इजा नाही. दर्जा तिसरा, उत्तर सोमवारी.

इजा नाही म्हणून दर्जा तिसरा. म्हणजे बाळाला काही झालं असतं तर मान मिळाला असता. वा रे वा! हे ठरवणाराही काही राक्षस नव्हता, मदतीच्या फोनवर बसणारा साधा माणूस होता. समोरच्या कागदावर जशा चौकटी होत्या तशा त्याने भरल्या. पण मार्लिसच्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्या यंत्रात श्वास देणारं जे काम होतं ते तिचं होतं. अकरा वर्षं तिने ते सांभाळलं होतं. आणि त्या अकरा वर्षांत ते आपोआप कधीही, कुठेही बंद पडलं नव्हतं.

इंजिनिअरने इस्पितळाला परस्पर फोन करायचा नाही, असा कंपनीचा नियम. त्यासाठी गोड बोलणारी वेगळी माणसं असतात. गेला खड्ड्यात नियम, म्हणून मार्लिसने फोन फिरवला.

"कोण बोलतंय?" पलीकडचा बाईचा आवाज धापा टाकत होता.

"मी मार्लिस. तुमचा व्हेंटिलेटर बनवणाऱ्या कंपनीतून. त्याचं श्वासाचं काम मीच..."

"अहो बाई, जे काय सांगायचं ते पटकन सांगा. माझा एकच हात मोकळा आहे आणि त्यात तुमचा फोन आहे."

"दुसऱ्या हातात काय?"

"फुगा! बाळाचा! काय असणार?"

नर्सचं नाव जोलीन. फोन स्पीकरवर टाकून तिने फुगा दाबता दाबता तुटक तुटक सांगितलं. बाळ दोन महिने आधी आलेलं, शनिवारी दुपारी. दुलुथच्या मोठ्या इस्पितळात हलवायचं म्हणून वाहतुकीच्या यंत्रावर घातलं, आणि घातलं तोच वादळ सुटलं. हायवे बंद, हेलिकॉप्टर जमिनीवर. जे यंत्र दीड-दोन तासांच्या प्रवासापुरतं, त्याच्यावर बाळाने सगळी रात्र काढली. लहान बाळांचं दुसरं यंत्र इस्पितळात नाही. माणसं तीन: डॉक्टर आणि दोन नर्सा. त्यातही डॉक्टर आणि दुसरी नर्स शेजारच्या खोलीत अडकलेली, तिथे एक बाई बाळंत होऊन रक्त थांबत नव्हतं.

"म्हणजे इथे मी एकटी. आणि बाळाची आई. तिचं काल पोट फाडलंय, ती खुर्चीत बसलीय तेच पुष्कळ. रस्ता संध्याकाळशिवाय उघडत नाही म्हणतात. मी संध्याकाळपर्यंत दाबू शकते का? नाही दाबू शकत. खोटं कशाला सांगू?"

फुगा दाबणं ऐकायला सोपं वाटतं. पण त्या बाळाची फुप्फुसं ती केवढी! जरा जास्त दाब पडला तर फाटतात, कमी पडला तर मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत. तास-दीड तासाने माणसाच्या बोटांना किती दाबलं ते कळेनासं होतं. म्हणून तर यंत्र.

"आत्ता यंत्र चालू आहे?"

"चालू आहे, चांगलं ठणठणीत! दर वेळी असंच. बंद पडतं, गाणं म्हणत पुन्हा उठतं, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात चालतं. मी बाळाला पुन्हा जोडते, आणि मग यंत्र पुन्हा मरतं."

"मला थोडा वेळ दे. फोन ठेवू नकोस."

"ठेवते कुठे? मला हातच नाही."

मार्लिसच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, अगदी तेच मॉडेल होतं. बाकीच्या बाया घरी शिवणयंत्र ठेवतात तसं असल्या बाया व्हेंटिलेटर ठेवतात. त्याच्या नळीला बाळाच्या जागी रबराचं एक फुप्फुस लावलेलं, मुठीएवढं. तिने बटण दाबलं. तीन सुरांची गोड धून वाजली. ती कंपनीने खास संगीतकाराकडून करून घेतली होती. रबर फुगलं, बसलं. फुगलं, बसलं.

तिने काय नाही केलं! वीज काढली, लावली. नळी दाबून धरली. धोक्याच्या घंटा वाजवल्या. जोलीनने सांगितलेले आकडे एकूण एक भरले. रबर आपलं शहाण्यासारखं फुगत होतं, बसत होतं. मार्लिसला ते रबर फाडून टाकावंसं वाटलं.

"जोडू का मी हिला पुन्हा?" फोनवरून जोलीन. "माझा अंगठा गेला आता."

"जोड. पण फुगा हाताशी ठेव."

फोनमधून यंत्राचा फुस्स फुस्स आवाज येऊ लागला. मार्लिस कान देऊन ऐकत राहिली. बराच वेळ गेला. जोलीन कुणाला तरी म्हणाली, "पाणी पी गं थोडं." आणि मग फुस्स आलंच नाही. नुसती शांतता. त्या शांततेत कुणीतरी "नको, नको, नको" असं म्हणत होतं. मग ती धून वाजली. ती तीन सुरांची गोड, मेली धून.

मार्लिसने तोंडावर हात दाबला. तिकडे जोलीनच्या फुग्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या यंत्रात मेंदू एकच, आणि कामं पुष्कळ. श्वास द्यायचा, पडदा रंगवायचा, घडलेल्या सगळ्याची नोंद लिहून ठेवायची. एका क्षणी एकच काम चालू शकतं. कुणी चालायचं ते ऑपरेटिंग सिस्टम ठरवते, आणि तिच्याइतकी निर्दय मुकादम दुसरी नाही. प्रत्येक कामाला प्राधान्याचा एक नंबर. वरच्या नंबराचं काम उभं राहिलं की खालच्याने अर्धा शब्द लिहिला असेल तरी तिथेच थांबायचं. दया नाही, वशिला नाही. श्वासाचा नंबर पहिला, हे मार्लिसने पहिल्या दिवशीच ठरवून घेतलं होतं आणि कुणाच्या बापाला ते बदलू दिलं नव्हतं.

बाकीच्या नंबरांवरून मात्र कंपनीत जी भांडणं होत ती भाऊबंदकीला लाजवतील. ज्याला त्याला आपलं काम वर हवं. गेल्या शरद ऋतूत पडदेवाले रडत आले: आलेखाचं पान उघडलं की चित्र अडखळतं, गिऱ्हाइकं हसतात. का अडखळतं, तर नोंद लिहिणारं काम त्यांच्या वर दुसऱ्या नंबरावर, ते मधेमधे येतं. मार्लिस म्हणाली होती, "मग नोंदीला टाका तळाला. नोंद काय, थोडी उशिरा लिहिली तर कोण मरतंय? माझ्या श्वासाला तेवढा हात लावू नका." सगळ्यांना पटलं. आजवरचा सगळ्यात निर्धोक बदल, असं म्हणत सगळ्यांनी डोनट खाल्ले होते.

"जोलीन," मार्लिस म्हणाली. आवाज शक्य तेवढा सरळ ठेवत. "बंद पडलं तेव्हा पडद्यावर काय होतं?"

"मी पडदा बघू का बाळ बघू?"

"आठव ना."

"अहो नाही बघितलं! बंद पडलं की मी फुग्यावर झेप टाकते. पडद्याकडे बघायला मी काय रिकामी आहे?"

मग एक बारीक, घोगरा आवाज आला. इतका वेळ तो खोलीत होता हे मार्लिस विसरूनच गेली होती. "ती रेघ होती. डोंगरासारखी वरखाली जाणारी."

"कोण?"

"मी टॅरिन. आई. मी बघत असते ना. ते बटण दाबलं की कालपासूनचा सगळा श्वास दिसतो. तिची छाती हललेली मला इथून दिसत नाही, पेटीच्या काचेवर प्रकाश येतो. मग मी ते दाबते. रेघ चालू असली की बरं वाटतं."

"दर वेळी तेच पान होतं का टॅरिन? नीट आठव."

"मी तर सारखीच बघते," टॅरिन म्हणाली.

मार्लिसने आपल्या यंत्रावर आलेखाचं पान उघडलं. काही नाही. रबर फुगत होतं, बसत होतं. तिने ते पुन्हा पुन्हा उघडलं, मिटलं, बटण बडवून काढलं. काही नाही. तिने कपाळ यंत्राच्या थंड पत्र्यावर टेकलं. वर खिडकीपर्यंत बर्फ चढलेला, आत दिवसाढवळ्या दिवा. आणि तिकडे एक बाई हाताने श्वास देतेय, आणि तिला सांगायला आपल्याकडे काहीही नाही.

तिच्या पडद्यावरची रेघ बोटभर होती. नुकतंच तर सुरू केलं होतं.

कालपासूनचा सगळा श्वास दिसतो, असं म्हणाली ना ती?

मार्लिस ताडकन उठली, गुडघा टेबलावर आपटला. हे यंत्र दोन तासांचं. कारखान्यात तपासलं ते दोन तास. दोन तासांची रेघ रंगवायला पडद्याला काहीच लागत नाही. पण एका सगळ्या रात्रीची? बंद पडून उठलं तरी जुनी रेघ जपून ठेवायची, हीसुद्धा त्यांनीच मोठ्या कौतुकाने केलेली सोय. म्हणजे रेघ वाढतच चाललेली. दर वेळी पडदा जास्त जास्त वेळ मेंदू अडवून बसणार.

पण अडवेल कसा? श्वास पडद्याच्या वर आहे. श्वास उभा राहिला की पडद्याने बाजूला व्हायलाच हवं. अकरा वर्षं याच एका गोष्टीवर ती निर्धास्त झोपली होती.

खोटी नोंद भरायचा एक छोटा प्रोग्राम तिच्याकडे होता. घाईत तिने नाव दोनदा चुकीचं टाइप केलं. शेवटी एका रात्रीचा खोटा श्वास यंत्रात गेला. तिने आलेखाचं पान उघडलं.

रबर फुगलं, बसलं. फुगलं, बसलं. आणि बसलेलंच राहिलं.

मार्लिस त्याच्याकडे बघत राहिली. एवढंसं रबर, चुरगळून पडलेलं. मग धून वाजली.

"अगं बाई गं," ती म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसली. कारण आता तिला सगळं दिसलं, आणि न दिसतं तर बरं असं वाटलं.

श्वास किती द्यायचा तो आकडा यंत्रात एका कप्प्यात असतो. त्या कप्प्याला एकच किल्ली. श्वास तिथून आकडा वाचतो, आणि नोंद लिहिणाराही तिथूनच उतरवून घेतो. एक आत असताना दुसऱ्याने जायचं नाही. आता तळाला टाकलेली ती नोंद किल्ली घेऊन आत शिरते. तेवढ्यात मधला पडदा उठतो. नोंद त्याच्या खालची, म्हणून ती आहे तिथे थिजते, किल्ली मुठीत धरून. मग श्वास येतो, सगळ्यात वरचा, महाराज! पण कप्प्याला कुलूप. तो दाराशी उभा. पडद्याशी त्याचं भांडण नाहीच, त्याला किल्ली हवीय. आणि किल्लीवाल्याला पडदा हलू देत नाही. पडदा आपला एका रात्रीचे डोंगर रंगवत बसतो. श्वास वेळेवर झाला नाही हे यंत्रात पहाऱ्यावर नेमलेल्या राखणदाराच्या ध्यानात येतं, आणि तो बिचारा त्याला शिकवलेलं एकच काम करतो: सगळं यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतो.

पूर्वी नोंद पडद्याच्या वर होती, तेव्हा हे होणं शक्य नव्हतं. तिनेच तिला तळाला टाकायला सांगितलं. श्वास जपायला म्हणून सांगितलं.

ड्वेन कोल्स्टाड हा तिचा वरिष्ठ. वीस वर्षांची ओळख, एकमेकांच्या पोरांच्या लग्नांत नाचलेले. दुसऱ्या फोनवर तिने त्याला गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. तो हुशार होता, अर्ध्यावरच त्याला कळलं. मार्लिसला त्याच्या श्वासावरून ते समजलं.

"बरं. आता शांत हो," ड्वेन म्हणाला. "तू इस्पितळाला काही बोललीस?"

"बोलणार आहे आता. आलेख उघडू नका, एवढंच."

"मार्लिस, नको. वापराची सूचना बदलणं आहे ते. लेखी जायला हवं, डॉक्टरी विभागाची सही, वकिलांची नजर. मी सगळ्यांना फोनवर घेतो, दोन तास दे. आणि समज तुझं चुकलं? तू सांगितलंस म्हणून त्यांनी बाळ यंत्रावर घातलं आणि ते पुन्हा..."

"माहितीय मला!"

"मग?"

"तुझ्या वकिलाला फुगा दाबता येतो का रे?"

तो "हे बघ" म्हणू लागला, पण तिने पुढे बोलूच दिलं नाही.

"येत असला तर पाठव त्याला बर्फातून. नाहीतर ठेव फोन." आणि तिनेच ठेवला.

पण त्याचं बोलणं मनातून जाईना. समज तुझं चुकलं? तिने आपल्या यंत्रावर साध्या आकड्यांचं पान लावलं, तीच सगळ्या रात्रीची रेघ आत ठेवून, आणि बघत बसली. रबर चालत होतं. एका तळघरातलं, एक रबर. एवढ्यावर कुणाचं मूल सोपवायचं?

"बाई, आहात का?" जोलीनचा आवाज आता वेगळाच येत होता, रडकुंडीला आलेला. "पलीकडून हाका मारतायत मला. रक्ताची पिशवी धरायला माणूस नाही. मी कुठं कुठं पुरू?"

"जोलीन, ऐक. सापडलं बहुतेक."

"बहुतेक?"

"बहुतेक. समज, तुझ्या औषधाच्या कपाटाची एकच किल्ली आहे आणि ती झाडूवाल्याकडे आहे."

"समजायचं काय त्यात? आहेच."

"तुला ती जिवाच्या आकांताने हवीय. पण स्वयंपाकघरातल्या बाईने त्याला मधेच बटाटे सोलायला बसवलंय. ती तुझ्याहून लहान, पण त्याच्याहून मोठी. तो उठू शकत नाही. तू कपाटाशी उभी."

"आमच्याकडे हे रोज होतं हो."

"तुझ्या यंत्रात तेच होतंय. तो आलेख म्हणजे बटाटे. ते पान उघडायचं नाही. आकड्यांचं साधं पान लाव आणि मग पडद्याला बोटसुद्धा लावू नकोस. कुणीही नाही. तो आपोआप काळा होईल, होऊ दे."

फुग्याचा आवाज तेवढा येत होता. मग जोलीन हळू म्हणाली, "तुमचं बाळ असतं तर जोडलं असतं तुम्ही?"

मार्लिसने रबराकडे बघितलं.

"जोडलं असतं," ती म्हणाली. "आणि बाजूला बसले असते. आणि देवाला हाका मारल्या असत्या."

"बरं." जोलीनने नाक ओढलं. "जोडते. टॅरिन, इकडे सरक खुर्ची. तू आता त्या बटणाला हात लावायचा नाहीस, कळलं? मेलीस तरी नाही."

"मग मला कळणार कसं?" टॅरिनचा आवाज फुटला. "पडदा काळा झाल्यावर मला कळणार कसं ती आहे का नाही?"

"टॅरिन," मार्लिस म्हणाली. "त्या पेटीला बाजूला गोल भोक आहे ना, हात घालायला? त्यातून हात घाल. तिच्या पोटावर ठेव. पोट वर आलं की श्वास गेला. ते थांबलं तर ओरड. नर्स शेजारच्याच खोलीत असेल, फुगा तुझ्या मांडीवर ठेव. मी फोनवर आहे. तू ओरडलीस की मीही ओरडीन."

"हात गार आहे माझा."

"चोळ जरा. मग ठेव."

जोलीनची पावलं पळत गेली. उरला फुस्स फुस्स आवाज, आणि एका आईचं दबकं मोजणं. ती मोठ्याने मोजत होती, शंभरापर्यंत जाऊन पुन्हा एकपासून. मार्लिस हलली नाही. कॉफीवर साय धरली. प्रत्येक फुस्सनंतर तिचा जीव टांगणीला लागायचा, पुढचं येईपर्यंत. मोजताना टॅरिन एकदा अडखळली तेव्हा मार्लिस उभीच राहिली. पण तिला फक्त खोकला आला होता.

दुपार अशीच गेली. मधे एकदा जोलीन येऊन गेली, पलीकडच्या बाईचं रक्त थांबलं म्हणाली, आणि तिथेच जमिनीवर बसली असावी, कारण तिचा आवाज खालून येत होता. "चालतंय अजून," ती म्हणाली. कुणीही "छान" म्हणालं नाही. म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

बसल्या बसल्या मार्लिसने आपल्या यंत्राची मूळ फाइल उघडली. अशा अडवणुकीवर उपाय फार जुना आहे, या धंद्यातल्या पोरांनाही ठाऊक असतो. किल्ली धरून बसलेल्या कामासाठी वरचा कुणी खोळंबला, तर वरच्याने आपला नंबर त्याला तेवढ्यापुरता उसना द्यायचा. म्हणजे ते चटकन आटोपून किल्ली सोडतं. ऑपरेटिंग सिस्टमला तसं एका ओळीत सांगता येतं. ती ओळ तिथे होती. बंद करून ठेवलेली. अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलं होतं की आपल्याला याची गरज नाही, आणि तेव्हा ते खरंही होतं. नोंदीला तळाला टाकताना कुणी तिथे बघितलंच नाही. सगळे आपापल्या नंबराकडे बघत होते, तीसुद्धा.

तिने एक शब्द बदलला. यंत्र पुन्हा सुरू केलं. फोन हाताने झाकला, तिकडे ती धून ऐकू जाऊ नये म्हणून. आलेखाचं पान उघडलं. डोंगर सरकत राहिले, आणि रबर फुगत राहिलं, बसत राहिलं. बराच वेळ.

एक शब्द! मार्लिसला रडूही आलं नाही. तिला कुणालातरी झोडपून काढावंसं वाटत होतं, आणि समोर तर कुणीच नव्हतं.

ड्वेनचा फोन आला तेव्हा बाहेर अंधारायला लागलं होतं. "सही झाली," तो म्हणाला. घसा बसला होता त्याचा. "सगळ्या इस्पितळांना सांगायला सुरुवात केलीय. मी स्वतः बसलोय फोनवर. वकीलही बसलाय. तिकडे काय?"

"चालतंय अजून."

"मार्लिस, मी सकाळी..."

"नंतर रे," ती म्हणाली. "तुझे फोन संपव आधी."

मग तिकडे एकदम गलबला झाला. दारं, बूट, माणसांचे आवाज. बर्फ सारणाऱ्या गाडीच्या मागोमाग दुलुथची ॲम्ब्युलन्स पोचली होती. जोलीन फोनपाशी आली. "बाई, आले ते! आले! फक्त..." तिने आवाज खाली आणला. "त्यांनी आणलेलं यंत्रही तुमचंच आहे."

"चालेल," मार्लिसने स्वतःलाच समजावल्यासारखं सांगितलं. "ते आत्ता सुरू करतायत. त्याची रेघ कोरी आहे. तरी त्यांना सांग, आलेख उघडायचा नाही. ओरडून सांग."

जोलीनने सांगितलं. आणि मग ती धून वाजली. तीन सूर, गोड. नवं यंत्र सुरू होत होतं, त्यात वावगं काहीच नव्हतं, तरी मार्लिस खुर्चीत आक्रसली. आणि फोनमधून टॅरिनची किंकाळी आली. जोलीन तिला सांगत होती, "दुसरं आहे ते, अगं दुसरं यंत्र, आपलं चालू आहे, बघ हाताला लागतंय ना?"

पुन्हा आवाज शांत झाले तेव्हा फोन टॅरिनने घेतला होता.

"एक विचारू?"

"विचार."

"मी ते पान उघडत होते म्हणून झालं ना? दर वेळी मीच. आधी नुसतीच बघायचे. मग पहिल्यांदा बंद पडल्यावर जास्तच बघायला लागले. आणि जितकं बघितलं तितकं..."

गोड बोलणारी माणसं कंपनीने ठेवली होती ती ह्याच प्रश्नासाठी. त्यांच्याकडे तयार वाक्यं असतात. मार्लिसकडे नव्हती.

"ते पान तुझ्यासारखीने बघावं म्हणूनच दिलंय, टॅरिन. तू बघायलाच हवं होतंस. त्याने श्वास अडतो, हे बघायचं काम माझं होतं. मी नाही बघितलं. माझं आडनाव त्वेतन. लिहून ठेव कुठेतरी. मोठी झाल्यावर तिने विचारलं तर माझं नाव सांग. तुझं नको."

मागे माणसं घाई करत होती, नळ्या बदलत होती, कुणीतरी टॅरिनला सरकायला सांगत होतं.

"ते म्हणतायत, हात काढा," टॅरिन म्हणाली. "पेटी उचलायची आहे. काढू का?"

"काढ. त्यांचं यंत्र चालू आहे."

"सकाळपासून तिथेच आहे तो. मला भीती वाटते, मी काढला तर..."

मार्लिसला उत्तर माहीत होतं. रेघ कोरी, किल्ली मोकळी, श्वासाचा नंबर पहिला. पण हे सगळं तिला कालही माहीत होतं.

"नको काढूस मग," ती म्हणाली. "त्यांना सांग मी सांगितलं म्हणून. हात आतच ठेव आणि गाडीत तशीच तिच्याशेजारी बस."